अंजनावहिनींच्या खाटेजवळची दांडी

लालासाहेब मोहितेला कुणाकडून काही करून घेणं ठाऊकच नव्हतं. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत बावीस वर्षं काढून तो आष्ट्याजवळच्या आमच्या गावी परतला, तो हत्यारांची लोखंडी पेटी घेऊनच. त्यानंतर त्याच्या घरात ना वायरमन शिरला, ना सुतार. मोटार जळली की हाच उघडणार, दाराचं बिजागर हाच बसवणार, बायकोच्या चपलेचा अंगठाही हाच शिवणार. वर दुसऱ्याने केलेलं काम बघून नाक मुरडणार. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो, त्यामुळे त्याच्यावर चिडायचा मला हक्क होता, आणि तो मी भरपूर वापरला. आता त्या चिडण्याचीच मला लाज वाटते.

दोन वर्षांमागे त्याची बायको, आमच्या अंजनावहिनी, परसातल्या न्हाणीकडे जाताना घसरून पडल्या. खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणार नाहीत. लालासाहेबाने तेवढंच डोक्यात घेतलं. मुलगा जयराज पुण्याहून फोन करकरून सांगत होता की चांगला गवंडी लावू. याने त्याला उडवून लावलं.

घर त्याच्या आज्ज्याने बांधलेलं. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर कौलं. लालासाहेबाने माजघराला लागून न्हाणीघर आणि संडास काढला, फरशी घातली, नळ आत आणला. सगळं एकट्याने. वहिनींच्या लोखंडी खाटेला चाकंही लावली, खालचं झाडायला सोपं जावं म्हणून. माजघराच्या भिंतींचे पोपडे अंथरुणावर पडायचे, म्हणून मग त्या चारही भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करायला घेतला. तेव्हा इलाही मिस्त्री आपणहून आला. सत्तरीचा माणूस, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. तो उंबऱ्यातच थांबला.

"मातीच्या भितीला शेणमातीच लिंपा, लालासाहेब. सिमेंटनं पाणी आत कोंडतंय. आन् भित खचायला लागली की आदी माती गळती, तवा मानूस उठून भायेर पळतंय. ती खूणच तुमी झाकताय."

लालासाहेबाने त्याला हिमालयातल्या पुलांची गोष्ट ऐकवली. माती कालवायचे दिवस गेले, म्हणाला. इलाही वळला आणि पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही. मी तिथेच होतो. मला वाईट वाटलं, पण मी त्याची बाजू घेतली नाही.

शेवटी लालासाहेबाने दांडी बसवली. जुन्या हातपंपाचा पाइप वाकवून, घासून, खाटेशेजारच्या भिंतीत सिमेंटने पक्की केली. स्वतः तिला लोंबकळून दाखवलं. वहिनी ती दांडी धरून उठायच्या आणि चार पावलांत न्हाणीघरात जायच्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, आता कुणाला हाक मारावी लागत नाही. त्या घरात इतकं हसू मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही मित्राचा अभिमान वाटला.

एक पावसाळा निभावला. भिंतीतून नेलेला नळाचा एक सांधा मात्र पाझरत होता, ते पुढे कळलं. बाहेर डागसुद्धा उमटला नाही. यंदा आषाढात वहिनींना शंका आली.

"आवं, भित फुगल्यावानी वाटतीया. दांडी बी हलतीया."

लालासाहेबाने दांडीच्या बुडाशी नवं सिमेंट भरलं, भेगेत पुट्टी दाबली आणि वर पिस्ता रंगाचा हात मारला. त्याच संध्याकाळी मी चहाला गेलो. दारातून तिरकं पाहिलं तर कमरेच्या उंचीवर भिंतीला चांगलं पोट आलेलं. रंग कसा दिसतो, असं त्याने विचारलं. मी झकास म्हणालो. मागच्या महिन्यात त्याच्या वायरिंगची खोड काढली तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. वहिनी खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो अंगणात फळी कापत होता. वहिनींना अंघोळीला बसायला पाट करायचा होता. शेजारीच माझ्या सोप्यात बसलो असताना मला जड पोतं टाकल्यासारखा आवाज आला. धावलो तर माजघराची भिंत आत कोसळली होती आणि तिच्यावर कौलं, वासे. धूळसुद्धा उडाली नव्हती, माती इतकी ओली होती. आम्ही हातांनी उकरलं. इलाहीही अनवाणी धावत आला. गिलाव्याचे मोठाले तुकडे बाजूला केले तेव्हा वहिनी सापडल्या. दांडी त्यांच्या मुठीत होती. लालासाहेबाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आणि त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तेराव्यानंतर जयराज त्याला पुण्याला न्यायला थांबला होता. लालासाहेब गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून छिन्नी-हातोडा घेऊन उरलेल्या तीन भिंतींचा गिलावा तोडू लागला. इलाही रोज येतो, अंगणात माती तुडवतो, उघडी झालेली भिंत लिंपतो. परवा मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर माझ्याकडे न बघता लालासाहेबाने विचारलं.

"हंबीर, तुला फुगवटा दिसला हुता?"

नाही म्हणता आलं असतं.

"व्हय," मी म्हणालो.

"मग बोलला का न्हाईस?"

"तू ऐकलं असतंस का, गड्या?"

हातातली छिन्नी त्याने खाली ठेवली.

"म्या न्हाई ऐकलं असतं," तो म्हणाला. "पर तिला तरी सांगायचंस. तिनं ऐकलं असतं."

डबा ठेवायला मी वळलो. अंगणात वहिनींची खाट मोडून पडली होती. तिची चाकं शाबूत होती. त्या संध्याकाळी मी बोललो असतो, तर समोरच्या भिंतीकडे ती एका हाताने सरकली असती.