चढावरचा दगड

पेणहून रोह्याला जाताना त्या ड्रायव्हरकाकांच्या शेजारी मी एकदाच बसले. गाडी नवीकोरी, हायब्रिड. पायाशी मात्र एक काळा, ओबडधोबड दगड. मी तो पायाने सरकवायला गेले, तर म्हणाले, "असूंदे ताई, तिथंच असूंदे."

भिसे खिंडीचा चढ लागला. समोरच्या पडद्यावर बॅटरीकडून चाकांकडे जाणारा बाण उजळला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "बघा, आली मदतीला. चढाला इंजिन एकटं दमतं, म्हणून मोटर जोर लावते. उतारावर ब्रेक मारला की चाकंच तिची बॅटरी भरतात."

बाण उजळला की ते आरशातून मागे बघत. मागे तर रस्ता रिकामा. शेवटी मी विचारलंच.

"आधी टेम्पो होता. हमरापूरचे गणपती रोह्याला न्यायचो. ह्याच चढाला टेम्पो अडायचा. मग बायको उतरायची, चाकामागं हा दगड लावायची आणि मागून ढकलायची. गाडी मागं सरकली तर मूर्तीला धक्का बसेल ना." त्यांनी दगडाकडे पाहिलं. "गेली ती. ह्या गाडीत बसलीच नाय. दगड आता लागत नाय, पण टाकवत नाय मला."

चढ संपला. माथ्यावर त्यांनी गाडी डावीकडे घेऊन थांबवली. इंजिन आपोआप बंद झालं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. एखाद्या बाईला दार उघडून आत बसायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते थांबले. मग निघाले.