पारूची भिंत आणि कवठ्याची वाट

माझ्या बायकोनं, पारूनं, मला लावलेलं शेवटचं काम म्हणजे कावेचा वाडगा धरणं. पुढच्या भिंतीला नवी पांढरी माती लावली होती. बुरकुंड (दाणे काढलेलं मक्याचं कणीस) तांबड्या कावेत बुडवून ती भिंतीवर टेकवत होती. सहा ठिपके जवळजवळ, सातवा पार कोपऱ्यात, भोवती पिंपळपानांच्या शिरा. "हे काय काढलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "हलू नगासा." त्याच पंधरवड्यात तापानं गेली.

पुढं भिंतीला पोपडे आले. सून सारवायला निघाली की मी आडवा. शेवटी ठरवलं, पारूची धाकटी बहीण सकू कवठे महांकाळात असते; तिच्याकडून तेच ठसे धोतराच्या कोऱ्या पानावर उठवून आणायचे. भिंत गेली तरी पारूचे ठसे राहतील.

दहिवडीला मोटार धरली. लढाईमुळं पेट्रोल नाही, म्हणून ती कोळशाच्या धुरावर चालायची. मागं हे मोठं पिंप. चढाला बसली, की आम्ही उतरून ढकलायची.

"म्हातारबा, जोर लावा की!" ड्रायव्हर ओरडला.

"तिकीट दिलंयस का मजुरीवर घेतलंयस रं?"

माणसं हसली आणि मोटार हलली. विट्याला भजी खाल्ली, तासगावापुढं बैलगाडी मिळाली. मुलूख आमच्या माण तालुक्यासारखाच उघडा, बोरीबाभळींचा. बोलण्यात मात्र मध्येच कानडी शब्द.

सकूची भिंत बघून मी दारातच थांबलो. दोडक्याच्या जाळीचे ठसे, बोटांच्या ओळी आणि मधोमध हातभर जागा कोरी.

"हितं रंग संपला व्हय?"

"न्हाई, दाजी. यंदा पाऊस न्हवता. न आलेल्या पावसाचा ठसा कसा काढायचा? जागा सोडायची."

मी अंगणात खडे मांडून पारूचे सात ठिपके दाखवले. तिनं लगेच ओळखलं.

"साती आसरा (विहिरीतल्या सात देवी, सख्ख्या बहिणी). सहाजणी पाण्यात परत गेल्या. सातवी काठावरच्या माणसाशी लगीन करून ऱ्हायली. आक्का सोताला सातवी म्हणायची."

"आन् मी कुठं?"

"तुमी? तुमी भिंतीपुढं आडवं पडलायसा की!"

मी धोतराचं पान पुढं केलं. तिनं ते घडी घालून परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"आक्काची गोष्ट माझ्या हातानं काढली तर खोटी हुईल. आन् भिंत आता तुमच्या सुनेची हाय. तिचं तिला काढू द्या."

मला लय राग आला. जेवताना ताट मागं सारलं. तिनं ताटात आणखी भाकरी टाकली. "रुसा, पण जेवा."

परतताना वाटेतल्या गावांतून भिंती बघत आलो. कुठं पानं, कुठं बोटं. कोण्या बाईनं काय सांगितलंय, ते परक्याला कळायचं नाही; पण सांगितलंय हे कळत होतं. सगळे ठसे ताजे, यंदाचे. आजीचे, पणजीचे कुठंच नव्हते. त्यांच्यावर माती चढली होती म्हणून तर हे होते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या दरडीतनं पाटीभर पांढरी माती आणली, दारात ओतली आणि पाणी घालून पायानं तुडवायला लागलो. सून बाहेर आली.

"मामंजी, आत्याबाईंचं पुसायचं?"

"पूस."

"मग काढू काय?"

"मला काय इचारतीस? भिंत तुझी," म्हटलं आणि माती तुडवत राहिलो.