गाडी तेवढीच उचलायची, आबा

संदीप गेला ही बातमी मला मिळाली ती निकालासकट. वरकुट्यात आम्ही घरापुढं पेरूची प्रतवारी करत बसलो होतो, क्रेट अर्धं भरलं होतं, तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. "आक्का, संदीपचा घात झाला गं... त्या फिल्टरनं घात केला." माझा भाऊ या जगात नाही हे डोक्यात शिरायच्या आधीच तो कशानं गेला हे मला सांगून झालं होतं. आणि तेही धडधडीत खोटं! काही आठवडे उलटले, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली, पण ते वाक्य काही घरातून हलत नाही. रडायचं तेवढं रडून झालंय माझं. आता मी चिडलेय.

संदीप माझ्यापेक्षा लहान. जळोचीत आमचं माहेर, घरामागं ऊस, अंगणात आबांचा, म्हणजे वडिलांचा, ट्रॅक्टर आणि ट्रॉली. संदीपचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा त्याच्या जुन्या डिझेल गाडीत. रविवारी बोनेट उघडून उभा राहायचा, आणि आई असती तर म्हणाली असती, जेवण तिथंच वाढू का म्हणून. रात्री मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ. त्याची बायको शीतल ते बघत असायची. त्याच्या वाढदिवसाला तिनं कुणाला न विचारता पुण्याहून एक एअर फिल्टर मागवला. इंजिनाला लागणारी हवा कंपनीच्या काळ्या डब्यातून गाळून जाते. तो डबा काढायचा आणि त्याजागी हा शंकूसारखा, उघडा, लाल फिल्टर बसवायचा. जास्त हवा, म्हणून जास्त ताकद, असं विकणारे सांगतात. संदीप तर लहान पोरासारखा नाचला. तेव्हापासून पाय दाबला की गाडी दम लागलेल्या बैलासारखी घुरघुरायची, आणि हा रोज जेवताना, आबांसमोर, शीतल वाढत असताना मोठ्यानं सांगायचा, "काय पिकअप हाय! जाग्यावरनं उचलती गाडी!"

गाडी मीही चालवते. मला काही फरक जाणवेना. एकदा माहेरी आले असताना मी त्याला म्हटलं, "तोंडानं नको, दाखव." भर दुपारी आम्ही काटेवाडीच्या पुढं मोकळा रस्ता बघून गेलो. तो चालवणार, मी मोबाइलवर वेळ लावणार. आधी लाल फिल्टरवर गाडी पळवली. मग यानं डिकीतून काळा डबा काढला, बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला घामाघूम होत तो बसवला आणि परत तेवढंच अंतर पळवलं. असं आलटून पालटून केलं. काडीचाही फरक नाही! उलट इंजिन चांगलं तापल्यावर लाल फिल्टरवर गाडी जराशी मागंच पडली. पडणारच की. काळा डबा बाहेरची गार हवा घेतो, आणि हा उघडा बोनेटखालची तापलेली हवा ओढत बसतो. गरम हवा विरळ, तिच्यानं इंजिनाला कसली ताकद येणार? आमच्याकडच्या उसाच्या रस्त्यांची धूळ ओढतो ती वेगळीच. रेसच्या गाड्यांचं मला माहीत नाही, त्या बाकीही काय काय बदलत असतील. आमच्या गाडीत नुसता आवाज वाढला होता.

"आक्के, तुझं घड्याळ गंडलंय."

"घड्याळ न्हाय, तू गंडलायस."

खो खो हसला. आणि लगेच काळा डबा काढून लाल फिल्टर परत बसवायला लागला. मी म्हटलं, "अरे, आता कशाला?" तर म्हणतो, "शीतलनं दिलाय की गं. तिला काय सांगू, उपयोग न्हाय म्हणून? तू बी गप ऱ्हा." मी गप्प राहिले. त्या संध्याकाळी जेवताना त्यानं परत तेच सुरू केलं, पिकअप आणि पिकअप. शीतलचा चेहरा असा फुलला होता... मला हसू आवरेना. माझा भाऊ बायकोवर प्रेम करायचा ते असं, ताट पुढं घेऊन खोटं बोलून.

तो गेला त्या दिवशी दुकान बंद करून घरी येत होता. दिवेलागणीची वेळ. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली चाकाचा आस मोडून उभी होती. मागं दिवा नाही, चमकणारी लाल पट्टी नाही, मागच्यांना कळावं म्हणून साधी झाडाची फांदीही टाकलेली नाही. संदीपची गाडी तिच्या खाली घुसली. त्या जागेच्या अलीकडंच गतिरोधक आहे, इथून हाक मारली तर तिथं ऐकू जाईल एवढ्यावर. तिथं सगळेच गाडी दुसऱ्या गिअरवर आणतात. संदीपही आणायचा. तेवढ्याशा अंतरात कुठली आलीये पळवापळवी!

आणि दहाव्याला ज्याची ट्रॉली होती तोच माणूस येऊन आबांशेजारी बसला. लाज वाटावी की नाही? म्हणतो, "पोरगं लई जोरात आलं हो." मला वाटलं आबा त्याला उठवतील. आबा म्हणाले, "त्यो फिल्टर बसवल्यापासून जाग्यावरनं उचलायची गाडी. त्योच सांगायचा." झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या दारात ट्रॉली आहे आणि एकीलाही धड दिवा नाही. फिल्टरवर ढकललं की कुणालाच काही करावं लागत नाही. बायका आतल्या खोलीत त्याच्या पुढचं बोलत होत्या, बायकोच्या हौसेपायी गेला म्हणून. शीतल तिथंच बसली होती. तिनं अन्न टाकलं. मी घास घेऊन बसले तर म्हणाली, "ताई, मीच दिला ना त्यांना..."

संद्या, तुझा इतका राग मला जन्मात आला नव्हता रे. गेलास ते गेलास, पण तिला खूश करायला रोज जे बोललास तेच आता तिच्या गळ्यात बांधलंय लोकांनी. तिला सोडवायचं तर तिची भेट कुचकामी होती हे मलाच तिला सांगावं लागणार होतं. तुझ्याकडून तिला मिळालेल्या सुखातलं एवढं मोठं सुख मी माझ्या तोंडानं काढून घ्यायचं? हे काम माझ्यावर टाकून गेलास तू.

गेल्या आठवड्यात जळोचीला गेले आणि सांगितलं. काटेवाडीचा रस्ता, घड्याळ, काळा डबा, सगळं. शीतल खाली बघत ऐकत होती.

"मग रोज जेवताना म्हणायचे ते?"

"तुझ्यासाठी म्हणायचा बाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजी गाडी पळाली न्हाय... ट्रॉली दिसली न्हाय."

मी तशीच अंगणात गेले आणि आबांनाही तेच ऐकवलं, चांगलं मोठ्यानं. "गाडी तेवढीच उचलायची, आबा. तो सुनेसाठी खोटं बोलायचा." आबा खाटेवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "आता ह्ये उगाळून काय हुणार? गेलेलं माणूस परत येतंय व्हय?" आणि ट्रॅक्टर काढायला उठले. फडात ऊस तुटून पडला होता, कारखान्याला खेप जायची होती. मागं आमची ट्रॉली उभी. मी मागून बघितली. दिवा नाही, पट्टी नाही. माझ्या भावाच्या घरातली ट्रॉली!

मी तोंड उघडणार तेवढ्यात शीतल बाहेर आली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. सरळ ट्रॅक्टरकडं गेली, चावी काढली आणि मुठीत धरली.

"आबा, आधी मागं दिवा लावा. मग चावी."

"सूनबाई, ऊस वाळतोय. वजन घटतंय. हंगाम बी संपत आलाय, फुडच्या वर्षी लावू की."

तिनं चावी कमरेला खोवली आणि आत गेली.

आबांनी त्यानंतर दोनदा मागितली, एकदा मलाही फोन करून सांगितलं, तिला समजाव म्हणून. मी समजावणार नाही. आज सकाळपर्यंत चावी तिच्याकडंच होती आणि ऊस फडात वाळत होता. वाळू दे.