तिरडीचा फार्स

परवा अंगणात हिरवा बांबू चिरला. त्या वासानं मी थेट गेवराईला जाऊन पडलो, तिरडीवर उताणा.

आमची नाटक कंपनी पुण्याहून निजामाच्या मुलखात आली होती. फार्समध्ये कंजूष सासरा मेल्याचं सोंग घेतो आणि तिरडी उचलताच उठून जावयाला शिव्या घालतो. तिथल्या तहसीलदारसाहेबांना कळावा म्हणून फार्स दखनी उर्दूत केला होता. सासरा मी. पुण्यात या जागी लोक पोट धरून हसत. इथं फार्स पडला, तर कंपनी मोडणार होती.

तिरडी उचलली आणि सगळे प्रेक्षक उठले. वाटलं, निघाले घरी. पण पागोटी, तुर्की टोप्या रंगमंचावर चढल्या आणि तिरडीखाली खांदे लागले. मी उठणार, तोच एक म्हातारा कानाशी पुटपुटला, "उठू नगा. माजं पोरगं पलेगात गेलं, सरकारी गाडीनं नेलं. खांदा देऊ दिला न्हाई. जरा पडून ऱ्हावा."

मी पडून राहिलो, पण मनात त्याला शिव्याच घातल्या. फार्स पडला आणि कंपनी मोडलीच.

परवाची तिरडी माझ्या मुलाची होती. अर्ध्या वाटेत माणसं खांदा बदलायला आली. मी बांबू सोडला नाही.