दोन निळे पंप

माझं कुणी खरं मानलं नाही, हे आधी सांगते. चौथी शिकलेल्या बाईनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या की लोक हसणारच. पण कशात काय आहे हे न लिहिल्याचे किस्से आमच्या राहू गावच्या वस्तीवर इतके साठलेत की कुठला आधी सांगू!

आमचे मालक होते तोवर लिहायची गरजच नव्हती. कुठला डबा, कुठला व्हॉल, सगळं त्यांच्या डोक्यात. ते गेले. त्यांनी लावलेली अर्धा एकर शेवंती तेवढी माझ्या हाती राहिली. फुलं नीट आली तर रान माझ्याकडं, नाहीतर त्यात ऊस, असं धाकट्या दिरानं, बाळासाहेबानं, सांगून टाकलं. मालकांचं नाव मात्र घरात कुणी काढीना. मी आधीही घेत नव्हते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते होय?

*

मी डब्यांवर कागद चिकटवले. जाऊ मंगल म्हणाली, "आक्का, दुकान टाकताय का?" आणि डबे घासताना सगळे कागद काढले. दसऱ्याला पाहुणे आले. तांदळाचं पीठ समजून तिनं भज्यांत रांगोळी घातली. एक पाहुणा भला, म्हणाला, "भजी कुरकुरीत झाल्यात!"

दोष गिरणीवाल्याला. जात्याला नुकतीच टाकी लावली असंल, दगडाची कच पिठात आली म्हणे.

*

विहिरीवर पाणी वळवायचे तीन व्हॉल, तिन्ही सारखे. मी म्हटलं, "भाऊजी, रंग लावा." बाळासाहेब म्हणाला, "वैनी, मला काय माझं रान कळत न्हाई?" उसाला पाणी सोडून तो जेवायला आला. जेवून गेला तर ऊस कोरडा, आणि कापून ठेवलेली बाजरी पोहतेय.

दोष लायटीला. लाईट अवेळी आली म्हणे.

*

सासऱ्यांना, आबांना, दौंडच्या डॉक्टरनं दोन पुड्या दिल्या. दोन्हींत पांढऱ्या गोळ्या. आबांना वाचता येत नाही, म्हणून सकाळच्या पुडीवर मी सूर्य काढला, झोपतानाच्या पुडीवर खाट. आबांनी पुडी निरखून बघितली.

"खाट रिकामी का गं?"

मी चुलीत लाकूड सारलं.

*

फवारणीचे पंप दोन, दोन्ही निळे. एक तणनाशकाचा, एक फुलांचा. मालक नुसते उचलून ओळखायचे. मी तणाच्या पंपाला लाल चिंधी बांधली होती.

शेवंती कळीवर आली आणि बाळासाहेबानं फवारली. आठवड्याच्या आत पानं पिवळी, कळ्या वाकड्या.

सगळे बांधावर जमले. मंगल म्हणाली, औषध आक्कांनीच जादा कालवलं असंल. बाळासाहेब म्हणाला, औषधच बोगस. मी म्हटलं, "माझी चिंधी कुठंय?" ती त्याच्या पाठीवरल्या फुलांच्या पंपाला होती; तुटलेला पट्टा त्यानं त्याच चिंधीनं बांधला होता. तणाच्या पंपाची सोडून घेतली, आणि बिनचिंधीचा तो पंप फुलांचा समजून शेवंतीवर मारला.

आबा बांधावर बसले. एक जळकी कळी खुडून हातात धरली.

"समदं डोक्यात घेऊन गेला. कुणाला कायबी सांगितलं न्हाई त्यानं."

मी म्हटलं, "कुणी, आबा? नाव घ्या."

आबांनी कळी खाली ठेवली.

"दत्तूनं."