बायकांच्या बाजूचा आवाज

आमच्या अक्काचं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा गेलेला आवाज अर्धाच परत आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्याजवळच्या आमच्या गावी बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि कित्येक वर्षं ते तीच करते. ऑपरेशननंतर लोकांना तिचे शब्द कळेनात. विहारातला जुना भोंगा तर नुसता किंचाळायचा. मग कोणीतरी फार गोड बोलून सुचवलं, की अक्कांना त्रास कशाला, मोबाइलवर वाचन मिळतं, तेच लावू. अक्काने मला जळगावला फोन केला. म्हणाली, "भाऊ, माले काढी टाकतस रे. काहीतरी कर."

मला असा राग आला म्हणता. पण रागाने स्पीकर वाजत नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि घरी स्पीकर बनवायचं खूळ. प्लायवूडची खोकी, तांब्याच्या तारेची कॉइल, सोल्डरिंगचा वास. बायको म्हणते, "माझं बोलणं ह्यांना ऐकू येत नाही, आणि म्हणे चार हजार हर्ट्झ ऐकू येतं."

ह्या कामात खरी मेख एकच. खोक्यात दोन स्पीकर असतात. मोठा वूफर जाड आवाज सांभाळतो, छोटा ट्वीटर बारीक. कुठपर्यंतचा आवाज ह्याचा आणि कुठून पुढचा त्याचा, हे आपण ठरवायचं. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन भावांच्या शेतातला बांध समजा. बांध फार खाली सरकवला तर छोट्यावर भार पडून तो जळतो. फार वर ठेवला तर बारीक कामही मोठ्याच्याच गळ्यात पडतं. माझ्याकडचा ट्वीटर नाजूक होता म्हणून मी बांध चार हजारांवर ठेवला. घरी लावून ऐकलं, झकास. खोकं घेऊन गावी गेलो.

विहारात मूर्तीशेजारी खोकं ठेवलं, अक्काला माइक दिला आणि मी दाराशी जाऊन उभा राहिलो. एकेक शब्द स्वच्छ. मनात म्हटलं, बघा आता मोबाइलवाल्यांनो. संध्याकाळी वाचन झालं आणि बायका म्हणाल्या, "काय वाचं ते काहीच समजनं नही." पुरुषांचंही तेच. मी विहाराच्या पत्र्यांना शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहारात अक्काला वाचायला लावून फिरत राहिलो, तेव्हा कपाळावर हात मारला. आमच्याकडे एका बाजूला बायका बसतात, दुसऱ्या बाजूला पुरुष. मधली वाट मोकळी, फुलं-मेणबत्ती घेऊन मूर्तीपर्यंत जायला. मोठा वूफर बारीक आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर टाकतो, बाजूला पसरवत नाही. आणि श, च, ट ही अक्षरं ओळखू येतात ती दोन ते चार हजारांमधल्या त्या बारीक आवाजातूनच. म्हणजे अक्काचे शब्द बरोब्बर त्या वाटेवरून दाराबाहेर चालले होते. त्या वाटेवर कोणीच बसत नाही, मी शहाणा तेवढा उभा होतो. लहानपणापासून त्या विहारात बसलोय मी! खोकं बायकांकडे वळवून पाहिलं, तर पुरुषांचं उरलंसुरलंही गेलं.

उपाय एकच होता, बांध खाली आणायचा. जळगावला येऊन दणकट ट्वीटर घेतला, कॉइल नव्याने गुंडाळली आणि क्रॉसओव्हर दोन हजारांच्या जरा वर आणला. आता ती अक्षरं ट्वीटरकडे गेली, आणि ट्वीटर आवाज चहूकडे पसरवतो. जुनी जोडणीही काढली नाही, बटण लावून दोन्ही ठेवल्या. कारण गावाहून करून आणलेलं अक्काचं रेकॉर्डिंग घरी लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती तिला सांगायची माझी छाती होत नव्हती.

गावी गेल्यावर अक्काला बायकांच्या जागेवर बसवलं आणि तिचंच रेकॉर्डिंग लावलं. आधी जुनी जोडणी. आवाज मऊ, जवळजवळ पूर्वीचा, पण शब्दांचा नुसता गाळ. मग बटण फिरवलं. शब्द न् शब्द कळायला लागला, आणि त्याबरोबर घशातली खरखर, वाक्याच्या शेवटी फाटणारा आवाज, सगळं उघडं पडलं. खरखरही त्याच पट्टीत असते, त्याला मी काय करणार?

अक्का खोक्याकडे वळली. मग म्हणाली, "मना आवाज असा शे?"

"हो," मी म्हणालो. "पहिलं ठेवू का? ते बरं वाटतं."

"बरं वाटाले मी गानं म्हनस का? हाईच ठेव," ती म्हणाली आणि पदर सारखा करून उठली.

पौर्णिमेला विहार भरला. मोबाइल सुचवणारेही होते. अक्का वाचत होती, आवाज मध्येच फाटत होता, ती आवंढा गिळून पुढे जात होती. कोणी हललं नाही. वाचन संपलं, आणि बायकांच्या बाजूने, अगदी मागे भिंतीला टेकून बसलेली म्हातारी आजी मोठ्याने म्हणाली, "तुना आवाज कितला बसी गया वं माय. काहीतरी दवाई ले."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता वायर उपटावी.

अक्काने ग्रंथ मिटला. "तठे ऐकाले उनं का, आजी?"

"बठ्ठं उनं. शब्द न् शब्द."

अक्का हसली. ऑपरेशननंतर तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. माइक चालूच राहिला होता, त्यामुळे ते खरखरीत हसू सगळ्या विहाराला ऐकू गेलं.