उघाडीपर्यंतची फेरी

आमच्या जुई गावात सायकली पुष्कळ होत्या, पण सगळ्या कामाच्या. कुणाची मासळीच्या पाटीखाली वाकलेली, कुणाची कारखान्याच्या पाळीला पळणारी. नुसती हवा खायला सायकल काढणारा माणूस गावात एकच, गोटीराम. तोही एकटा नाही. मागच्या कॅरियरवर गोधडीची घडी बांधायची, तिच्यावर बायकोला बसवायचं, आणि दिवस कलला की खाडीच्या बांधानं निघायचं.

आज जुईनगरला जिथं इमारती आहेत, तिथं तेव्हा भातखाचरं होती. त्यांच्यापुढं मिठागरं, मग तिवरं, मग खाडी. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध राखला होता. वरची रुंदी एवढीच की एक सायकल जाईल किंवा एक म्हैस. मोटारीचं नाव नाही. चढ नाही, उतार नाही, एका हाताला हिरवं भात, दुसऱ्या हाताला चिखलात उभे बगळे. गोटीराम पायडल मारायचा ते सुद्धा आठवण झाली की.

एकदा खरंच म्हैस समोर आली. तिला वळता येईना, याला सवड मिळेना. शेवटी गोटीरामनं सायकल खांद्यावर घेतली आणि मागं मागं चालू लागला. पुढं लंगडत गोजरा, त्याची बायको, आणि समोरून म्हैस रवंथ करत येतेय.

"अवो, हळू चाला," गोजरा म्हणाली, "पावनी दमल."

हे त्यानंच आम्हाला पारावर सांगितलं, आणि सांगताना आमच्याआधी तोच हसला.

गोजरा लहानपणी कालवाच्या शिंपल्यावर पाय पडून अधू झालेली. लांबचं चालणं तिला जमत नसे, म्हणून ती सायकल. आणि जायचं ते बांधाच्या पार दक्षिण टोकाला, उघाडीपाशी. उघाडी म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी झडपांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला खाडीचं पाणी अडवतं. गोजराचा बाप त्या उघाडीचा राखणदार होता. तिथल्याच झोपडीत ती जन्मली, वाढली. बाप गेला, झोपडी गेली, भाऊ दिघ्याकडे मजुरीला गेला. माहेर म्हणून उरली ती उघाडी. तिथं उतरायचं, कनवटीची तांदळाच्या भाकरीची चतकोर काढायची, एक तुकडा पाण्यात टाकायचा, उरलेला दोघांनी खायचा. बापानं लावलेली सवय: आधी खाडीला, मग आपल्याला.

शेवंताबाई त्यांची शेजारीण. तिचं तोंड कायम चालू.

"काय गो, निघाली का राणीसाहेब?"

"हौ. तू पन बस की दांड्यावर."

"मी बसले त मोडंल यो दांडा, आन् मंग तुजा नवरा रडंल सायकलीसाटी."

"माज्यासाटी त रडत नाय, सायकलीसाटी रडू दे एकदा."

एक गोष्ट मात्र शेवंताबाईसुद्धा मानायची. मासेमारीला निघालेला कुणीही गोजराच्या दारात थांबून विचारायचा, "आज भरती कवा?" ती भांडी घासता घासता म्हणायची, "कंची तीथ?" तिथी सांगितली की वेळ तयार. राखणदाराची पोर, तिच्या डोक्यात चंद्र आणि खाडी एकाच दोरीला बांधलेले.

मग तिच्या डोळ्यांचं निघालं. आधी कडेचं दिसेना, मग समोरच्यावरही धूर. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशीर झालाय, आहे तेवढंही जाणार. जे पाहायचंय ते पाहून घ्या.

ती आषाढातली गोष्ट. घरी आल्यावर गोजरा एवढंच म्हणाली, "मना एकदा उघाडी दाखवा. मंग काय बी होऊ दे."

"उद्याच जाव," गोटीराम म्हणाला.

त्याच दिवशी दुपारच्या उधाणात बांधाला मोठी खांड पडली.

आता इथं आमच्या लोकांचं सांगायला हवं. जमिनी तर नव्या शहराच्या संपादनात गेल्या होत्या. बांध कागदावर आमचा राहिला नव्हता. पण आत भात उभं होतं, आणि खांड पडली की हाक, हाक आली की घरटी एक माणूस, हे कुणी कागद पाहून करत नसे. आम्ही गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात दिले. किसन, आमचा सगळ्यांत वडीलधारा, वर बसून शिव्या घालत होता. तीन भरत्यांना पुरून उरत बांध उभा राहिला, आणि उरलेल्या लांबीवरही नवी माती चढवली.

आणि नवी माती चढली की आमचा एक नियम. ती बसून घट्ट होईपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, बांधावर पाय नाही आणि चाक तर नाहीच. चाकोरी पडली की तिच्यात पाणी थांबतं, खेकडे बिळं करतात, आणि पुढच्या उधाणाला गावाचं भात जातं. हा नियम राखायचं काम त्या वर्षी नेमकं गोटीरामकडे होतं.

शेवंताबाई त्याला म्हणाली, "बायकूचे डोळे जातान, आन् तू मातीला जपतंस?"

"गावाचा भात हाय तो."

"होरीनं तरी नेऊन आन."

"होरी लागंल खंय तिथं? कमरंएवरा चिखल. तिला खांद्यावर घेऊन रुतलो, त दोगंबी बसू तिथंच."

किसनकडेही तो गेला होता. किसन विडी ओढत होता. म्हणाला, "तूच राख्या. तू जातंस त जा. मी बगनार नाय." गोटीराम परत आला. कुणी बघणार नाही म्हटल्यावर तर त्याला जाणंच जमेना.

गोजरानंही हट्ट धरला नाही. "दसरा काय लांब नाय," म्हणाली. सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यावर बसायची, हाताचा पंजा डोळ्यांपुढं धरायची, बोटं हलवून बघायची. गणपतीत तिला दिवा दिसत होता. पितृपक्षात दिव्याचा उजेड दिसत होता, दिवा नाही. नवरात्र बसलं, तेव्हा तिनं बोटं हलवणं बंद केलं होतं.

त्या दिवसांत दक्षिणेकडून डंपरचा आवाज यायचा. आम्हाला वाटलं, पलीकडं रस्त्याचं काम चाललंय. त्या टोकाला आमचं भात नव्हतं, बघायला कुणी गेलंच नाही. जायची वाट ती बांधाची, आणि बांध तर आम्हीच बंद केलेला.

दसऱ्याच्या पहाटे फटफटताच गोटीराम बांध बघायला गेला, आणि मला सोबत घेतलं. माती काय सुंदर बसली होती. टाच मारली तरी उमटत नव्हती. मनाशी खूश होऊन तो भराभर चालत होता. अर्ध्या वाटेवर बांध संपला. पुढं लालसर मुरूम, बांधाच्या उंचीचा, मिठागरांवर, तिवरांवर, नजर जाईल तिथवर. उघाडी कुठं होती तेही सांगता येईना. दोन डंपर दसऱ्याची झेंडूची माळ घालून उभे होते.

गोटीराम मुरमावर चढला, चालत गेला, एका जागी थांबला, मागं गावातल्या देवळाचा कळस बघितला, थोडा डावीकडं सरकला. "हीत," म्हणाला.

घरी गोजरा नवं लुगडं नेसून बसलेली. कनवटीला भाकर. मला वाटलं, आता हा सांगेल. त्यानं गोधडीची घडी बांधली.

"बसतंस ना?"

"मंग काय, शेवंतीला बसवू?"

मी माझ्या सायकलीवर मागं. बांधावरून जाताना तिनं तोंडावर वारा घेतला. "माती चांगली बसली," म्हणाली. मग मुरूम लागला, चाकं खरखरू लागली.

"यो काय?"

"खडी टाकलीय. बांध पक्का केलाय."

 पहाटे हेरलेल्या जागी गोटीराम थांबला. तिला हाताला धरून उतरवलं. "आली उघाडी," म्हणाला.

गोजरानं मान वळवून कानोसा घेतला. झडपांतून पाणी वाजतं, तिवरांत पाखरं असतात, चिखलाला वास असतो. तिथं यातलं काही नव्हतं. तिनं कनवटीची भाकर काढली, तुकडा मोडला आणि समोर टाकला. तो मुरमावर पडला. पाण्यात पडल्यावर होतो तो आवाज झाला नाही.

"वोहटी हाय आज," ती म्हणाली.

"हौ," गोटीराम म्हणाला. "पानी लांब गेलाय."

दशमीला सकाळी त्या वेळेला भरती असते. भांगाची, लहानशी, पण भरतीच. हे मला माहीत, गोटीरामला माहीत, आणि आम्हा दोघांना ते शिकवलं होतं गोजरानंच.

उरलेल्या भाकरीचे तिनं दोन भाग केले, मोठा त्याच्या हातावर ठेवला. दोघांनी उभ्या उभ्याच खाल्लं. मग ती कॅरियर चाचपून स्वतःच बसली. वळवायला जागा आता वाटेल तेवढी होती. तरी गोटीरामनं बांधावर वळवायचा तशीच पुढचं चाक उचलून सायकल जागच्या जागी फिरवली, आणि निघताना चाक त्या तुकड्यावरून जाऊ दिलं नाही.